घरात वाजणारे नवे वाद्य



गेल्या पंधरवड्यात इंदूरहून एका गृहस्थांचे पत्र आमच्या हाती आले. कुटुंब मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातील. आजोबा नोकरीच्या निमित्ताने माळव्यात गेले आणि तेथेच स्थिरावले. ही वाट तशी जुनीच म्हणावयाची. याच जिल्ह्यातील चौंडी गावची एक मुलगी अठराव्या शतकात होळकरांची सून होऊन माळव्यात गेली आणि पुढे अहिल्याबाई होळकर म्हणून सर्व देशास वंदनीय झाली. इंदुरातील मराठी घरांत आजही मराठी बोलली जाते, आपली साप्ताहिके वाचली जातात आणि घरातील अडचण मोकळेपणाने लिहून कळविली जाते, ही समाधानाची गोष्ट होय.

पत्रातील मजकूर थोडक्यात असा. गृहस्थांचा मुलगा महाविद्यालयात शिकतो. लहानपणापासून तो आजोबांच्या पेटीवर बोटे फिरवीत वाढला आणि रविवारी मिस्सेच्या वेळी गायनवृंदास साथ करू लागला. वर्षभरापूर्वी त्याने कोणा मित्राकडे एक जुना इंग्रजी चित्रपट पाहिला. चित्रपट आकाशप्रवासाचा, नाव '२००१ : अ स्पेस ओडिसी'. तेव्हापासून मुलाचे चित्त पालटले. साठवलेल्या पैशांतून त्याने हातभर लांबीची पट्ट्यांची फळी आणली, ती संगणकास जोडली, आणि आता रात्र रात्र कानांवर यंत्र चढवून तो बसून असतो. विचारले तर म्हणतो, "बाबा, त्या चित्रपटासाठी मी माझे संगीत रचतो आहे." वडिलांनी एकदा ते कान आपल्या कानांस लावून पाहिले. त्यांस विजेच्या खांबाखाली उभे राहिल्यावर यावा तसा गुंजारव तेवढा ऐकू आला. पेटीवर धूळ बसली आहे. गायनवृंदातूनही मुलाने अंग काढून घेतले आहे. "हे संगीत आहे काय?" असे गृहस्थ विचारतात. आणि शेवटी लिहितात, "ते यंत्र मी घराबाहेर काढावे काय? आपण सांगाल तसे करीन."

इतका विश्वास कोणी टाकला म्हणजे लेखणी जरा जपूनच चालवावी लागते. म्हणून उत्तर देण्यापूर्वी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. त्या केवळ इंदूरच्या घरासाठी नाहीत. आज खेडोपाडी ज्या घरांत मोबाईल फोन पोहोचला आहे, त्या प्रत्येक घरात हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे.

प्रथम त्या पेटीविषयी. जिच्यावर धूळ बसली म्हणून आपले मन हळहळते, ती हार्मोनियम तरी आपली कोठे होती? पॅरिस शहरी अलेक्झांडर दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली या वाद्याचे हक्क नोंदविले. ते वाद्य पायाने भाता मारून वाजवावयाचे होते. मिशनऱ्यांच्या आणि साहेबांच्या सामानातून ते हिंदुस्थानात आले. पुढे कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याचे पाय काढले, भाता मागे लावला आणि जमिनीवर मांडी घालून एका हाताने वाजविता येईल अशी पेटी घडविली. भजन, कीर्तन, नाटक, तमाशा आणि आपले देऊळ या सर्वांनी तिला आपलेसे केले. परंतु जाणकारांचा राग तिच्यावर फार दिवस होता. पेटीचे स्वर पक्के बांधलेले. दोन स्वरांमधली जी नाजूक वाट गवयाचा गळा चालतो, ती तिला चालता येत नाही. या कारणास्तव १९४० साली आकाशवाणीने पेटीस आपल्या केंद्रांतून हद्दपार केले. ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. म्हणजे आजोबांची जी पेटी आज घरातील परंपरा ठरली आहे, ती तीस-एकतीस वर्षे रेडिओच्या दारात परकी म्हणून ताटकळत होती. नव्या वाद्यास बाहेर काढण्यापूर्वी एवढे ध्यानी ठेवलेले बरे.

आता त्या चित्रपटाकडे वळू. स्टॅन्ली कुब्रिक या दिग्दर्शकाने तो १९६८ साली पडद्यावर आणला. कथा रचण्यात त्याचा जोडीदार होता आर्थर क्लार्क, जो १९५६ पासून आपल्या शेजारच्या लंकेत राहावयास आला आणि २००८ साली तेथेच निवर्तला. माणूस अजून चंद्रावर उतरावयाचा होता. अशा वेळी या दोघांनी वानरसदृश पूर्वजांपासून गुरू ग्रहाकडे निघालेल्या आकाशयानापर्यंतची कथा सांगितली. चित्रपटाच्या आरंभी सुमारे २५ मिनिटे एकही संवाद नाही. माणसे बोलत नाहीत, म्हणून प्रेक्षकाला ऐकणे भाग पडते. मुलाला जे वेड लागले, त्याचे एक कारण हेच असावे असे आम्हांस वाटते.

आणि ऐकू काय येते? इतक्या यंत्रमय कथेत संगीत मात्र यंत्राचे नाही, वाद्यवृंदांचे आणि मानवी कंठांचे आहे. आकाशातील तळ संथपणे फिरतो तेव्हा योहान श्ट्राऊसचे एकोणिसाव्या शतकातील नृत्यसंगीत वाजते. आणि ज्या काळ्या शिळेभोवती सारी कथा फिरते, ती शिळा समोर येते तेव्हा शेकडो कंठांचा एक दाट, अंगावर काटा आणणारा नाद उठतो. तो नाद कशाचा आहे हे वाचकांस ठाऊक नसेल. तो 'किरीये' आहे. आपण दर मिस्सेत म्हणतो ती 'हे प्रभो, दया कर' हीच याचना! ग्यॉर्गी लिगेती या हंगेरियन ज्यू कुळातील संगीतकाराने १९६५ साली मृतांसाठीच्या मिस्सेचे संगीत पूर्ण केले; त्यातील हा भाग होय. नाझींच्या छळछावण्यांत लिगेतीचे वडील आणि भाऊ बळी पडले होते. त्या मनुष्याने रचलेली दयेची याचना या चित्रपटात आकाशाच्या पोकळीपुढे उभी केली आहे. शब्द कळत नाहीत, कारण अनेक स्वर एकमेकांत मिसळून त्यांचे एकच धुके होते. इंदूरच्या बाबांना मुलाच्या यंत्रात जो गुंजारव ऐकू आला, त्याचे मूळ कदाचित या धुक्यात असेल. तेव्हा मुलगा मिस्सेपासून दूर गेला असे मानण्याची घाई नको. ज्या संगीताने तो भारला गेला, त्यात मिस्सेचाच एक स्वर होता.

हे वेड आपल्या देशात कोणाला प्रथमच लागले असेही नाही. इंदूरहून झाबुआ, दाहोद, गोध्रा या वाटेने पश्चिमेस सुमारे ४०० किलोमीटर गेले म्हणजे अहमदाबाद लागते. अर्धशतकापूर्वी त्या शहरी एका तरुणाने नेमकी हीच गोष्ट केली होती. ती हकीकत सांगावयाची तर आधी साराभाई कुटुंबाची ओळख करून द्यावयास हवी.

अहमदाबादच्या या गिरणीमालक घराण्यात अनेक भावंडे कर्तबगार निघाली. त्यांपैकी विक्रम साराभाई आपणांस परिचित आहेत. १९६२ साली अग्निबाणांच्या तळासाठी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावची जागा त्यांस हवी होती, आणि त्या जागेवर संत मारिया माग्दालेनाचे देऊळ होते. तेव्हा त्रिवेंद्रमचे महागुरुस्वामी पीटर बर्नार्ड परेरा आणि तेथील कॅथलिक ग्रामस्थ यांनी ती जागा देशकार्यास दिली. त्याच देवळात शास्त्रज्ञांचे पहिले कार्यालय थाटले गेले. १९६३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २१ तारखेस तेथून पहिला अग्निबाण आकाशात गेला. आज ते देऊळ अवकाशविज्ञानाचे संग्रहालय म्हणून उभे आहे. पुढे १५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेची, म्हणजेच इस्रोची, स्थापना झाली.

विक्रम साराभाईंचे बंधू गौतम आणि भगिनी गिरा यांनी अहमदाबादेस १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची धुरा वाहिली. आणखी एक भगिनी गीता या पखवाज वाजवीत. त्या काळी एका कुलीन घरच्या स्त्रीने पखवाजावर थाप मारणे हेच नवल होते. १९४६ साली गीताबाई न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केज नावाच्या अमेरिकन संगीतकाराशी त्यांचा परिचय झाला. त्यांनी केजला हिंदुस्थानी संगीत शिकवावे आणि केजने त्यांस पाश्चात्य संगीत शिकवावे, असा देवघेवीचा करार ठरला. संगीत कशासाठी, असे केजने विचारले असता गीताबाईंनी आपल्या गुरूंचे मत सांगितले. मन शांत व गंभीर करावे, म्हणजे ईश्वरी प्रेरणा त्यात उतरण्यास जागा होते, ह्यासाठी संगीत, असा त्याचा आशय होता. केज हे आयुष्यभर विसरला नाही. १९५२ साली त्याने एक विलक्षण रचना केली. वादकाने पियानोपुढे बसावयाचे आणि ४ मिनिटे ३३ सेकंद काहीही वाजवावयाचे नाही. श्रोत्यांनी भोवतालचा पाऊस, वारा, खोकला, खुर्चीची करकर जे काही कानी पडेल ते ऐकावयाचे. पुष्कळ लोक रागावले, काही उठून गेले. त्या दिवशी पियानोपुढे शांत बसलेला वादक होता डेव्हिड ट्यूडर.

हाच डेव्हिड ट्यूडर १९६९ च्या शरद ऋतूत अहमदाबादेस आला आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्याने एक नवे यंत्र उभे केले. ते होते अमेरिकेतील रॉबर्ट मोग याने १९६४ पासून घडविलेले सिंथेसायझर. तारीख पाहा! जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला, ऑगस्टमध्ये इस्रोची स्थापना झाली आणि त्यानंतर काही महिन्यांतच हे नवे वाद्य त्याच शहरी, त्याच कुटुंबाच्या आश्रयास आले. भारतातील विद्युत्-संगीताचा हा पहिला कारखाना मानला जातो.

हे यंत्र चालते कसे, हे आपल्या पेटीच्या भाषेत सांगता येईल. पेटीत भात्याने वारा भरतो, तो पितळेच्या बारीक जिभेवरून जातो, जीभ थरथरते आणि स्वर निघतो. मोगच्या यंत्रात वारा नाही आणि जीभही नाही. तेथे विजेचा प्रवाहच सेकंदाला शेकडो वेळा मागे-पुढे झुलविला जातो, आणि ते झुलणे ध्वनिवर्धकातून आपल्या कानी स्वर होऊन येते. दाब एक व्होल्टने वाढविला की स्वर एका सप्तकाने चढावा, असा मोगचा हिशेब. त्यापुढे दुसरा भाग चाळणीचा. पीठ चाळताना कोंडा वर राहतो, तसा स्वरातील तीक्ष्णपणा ही चाळणी अडविते. चाळणी उघडावी तसा आवाज सनईसारखा धारदार होतो, मिटावी तसा बंद दाराआडून यावा तसा मऊ होतो. तिसरा भाग स्वराचा जन्ममृत्यू ठरवितो. देवळाच्या घंटेचा टोल एकदम उठतो आणि हळूहळू विरतो. बासरीचा स्वर हळूच येतो आणि फुंकर थांबताच जातो. या यंत्रात तो क्रम हवा तसा लावून घ्यावयाचा. हे सर्व भाग एकमेकांस जोडण्यासाठी रंगीत तारा असत, जुन्या टेलिफोन कचेरीत असत तशा. एक तार इकडची तिकडे लावली की वाद्यच निराळे! आणि एकदा तारा काढल्या की तो आवाज गेला. पुन्हा हवा असेल तर सारी जोडणी आठवून करावयाची, आणि तरीही तोच आवाज हाती लागेल याचा भरवसा नाही.

शिवाय हे यंत्र एका वेळी साधारणतः एकच स्वर काढी. अनेक स्वर हवे असतील तर एक ध्वनिफितीवर घ्यावयाचा, मग दुसरा, मग ते एकमेकांवर चढवावयाचे; फीत कात्रीने कापावयाची आणि चिकटवावयाची. दोन मिनिटांच्या संगीतासाठी दिवस घालवावे लागत. "बटण दाबले की गाणे तयार" अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

एक गोष्ट मात्र पेटीहून मोठी होती. पेटीला जी साधत नाही ती मींड या यंत्रास साधते, कारण त्याचा स्वर पट्टीत कोंडलेला नाही. दाब हळूहळू वाढवावा आणि स्वर एका स्थानावरून दुसऱ्या स्थानी सरकत न्यावा. इंदूरच्या वाचकांस हे अधिक उमजेल. उस्ताद अमीर खाँ याच शहरात वाढले आणि इंदूर घराणे या नावाने त्यांची गायकी ओळखली जाते. अतिविलंबित लयीत एकेका स्वराशी ते किती सावकाश थांबत, हे ज्यांनी ऐकले असेल त्यांस लांबलेल्या एका स्वराचे भय वाटणार नाही.

अहमदाबादच्या त्या खोलीत १९६९ ते १९७२ या काळात पाच भारतीयांनी काम केले. स्वतः गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा. माथुरांच्या एका रचनेचे नाव 'मी एकदा तंबोरा वाजविला' अशा अर्थाचे आहे. एका नावातच किती सांगून टाकले! परदेशी यंत्रापुढे बसलेला माणूस आपल्या तंबोऱ्याची आठवण विसरलेला नाही. दुसऱ्या एका रचनेस त्यांनी 'माझे पक्षी' असे नाव दिले.

आणि जिनराज जोशीपुरा या तरुणाने, ज्यास कुब्रिकच्या त्या चित्रपटाने झपाटले होते, 'स्पेस लायनर २००१' नावाची रचना केली. लायनर म्हणजे उतारूंना घेऊन समुद्रपार जाणारी मोठी आगबोट. मुंबईच्या धक्क्यावरून आपली कित्येक माणसे आफ्रिकेला, आखाताला आगबोटींनी गेली. तशीच एक बोट उद्या आकाशात चालेल आणि सामान्य माणसे तिच्यात बसतील, असा या नावाचा भाव आम्ही घेतो. येथे एक बारकावा आहे. चित्रपटातील संगीताची नक्कल या तरुणाने केली नाही. तेथे वाद्यवृंद आणि मानवी कंठ होते. याच्यापाशी तारांचे यंत्र होते. चित्रपटाने त्यास आकाशाची ओढ लावली आणि वाट त्याची त्याने शोधली. अनुकरण आणि प्रेरणा यांत हाच भेद होय, आणि इंदूरच्या मुलाचे काम तपासावयाचे असेल तर याच कसोटीने तपासावे.

आता या हकीकतीचा जो भाग आमच्या मनास सर्वांत अधिक लागला, तो सांगतो. १९७२ नंतर ते काम थांबले. ध्वनिफिती डब्यांत बंद झाल्या आणि डबे संस्थेच्या कपाटात गेले. त्या पाच जणांनी काय केले, हे संस्थेच्या भिंतींबाहेर फारसे कोणाच्या कानी पडले नाही. वर्षांमागून वर्षे गेली. पुढे लंडनमधील पॉल पर्गस नावाचा एक संगीतकार चौकशी करीत अहमदाबादेस आला आणि संस्थेच्या संग्रहात त्यास दोन डझनांहून अधिक फिती आढळल्या. त्याने त्या निगुतीने दुरुस्त करविल्या, २०२० साली त्यांच्यावर रेडिओसाठी कार्यक्रम केला आणि २०२३ साली त्यांतील निवडक रचना जगासमोर ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने आल्या. गीताबाई २०११ सालीच निवर्तल्या होत्या. म्हणजे या रचना जगाच्या कानी पडण्यास अर्धशतक लागले. आणि तोपर्यंत ज्यांनी हे काम उभे केले त्यांतील सर्वांना ते पाहावयास मिळाले नाही.

मुंबईतही असेच घडले. चित्रपटसंगीतात गिटार वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली तीन जपानी यंत्रे समोर मांडली आणि दहा राग त्यांवर वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढली. ती विकली गेली नाही. २०१० साली परदेशी रसिकांनी ती पुन्हा छापली, तेव्हा म्हातारपणी त्यांचे कौतुक झाले. २०१५ साली ते निवर्तले. दोन शहरे, दोन हकीकती, परंतु उणीव एकच. यंत्र होते, हात होते, चिकाटी होती. वेळेवर ऐकणारा कान तेवढा नव्हता.

तथापि नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इंदूरच्या गृहस्थांच्या मनातील भीती निराधार नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीताचा पाया ज्यांनी घातला, त्यांत गोव्याच्या देवळांच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेले कितीतरी कॅथलिक वादक होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, संगीतसंयोजक सेबॅस्टियन डिसोझा, आणि ज्यांची नावे कोठेच छापली गेली नाहीत असे व्हायोलिनवादक, तुतारीवादक. एका गाण्यास पन्नास-साठ वादक बसत. १९८० नंतर सिंथेसायझर आणि त्यामागून संगणक आला, तसतसा व्हायोलिनचा ताफा एका माणसाच्या बोटांखाली मावू लागला. कित्येक वादकांच्या हातचे काम गेले. वाद्य पेटीत बंद करून त्यांस दुसरा उद्योग धरावा लागला. यंत्राने नवा स्वर दिला हे जितके खरे, तितकेच त्याने शेजारी बसलेला माणूस उठविला हेही खरे. पन्नास माणसे एकत्र बसून एका श्वासात वाजवितात तेव्हा जे घडते, ते बंद खोलीत एकट्याने घडत नाही.

म्हणून आमचे उत्तर दोघांसही आहे.

इंदूरच्या बाबांस प्रथम. यंत्र घराबाहेर काढू नका. त्यास बाहेर काढाल तर मुलगाही मनाने त्यामागून जाईल. एखाद्या संध्याकाळी कामे आटोपल्यावर त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "बाळ, काय केले आहेस ते मला ऐकव." आणि मग खरोखरच ऐका; मध्येच बोलू नका, मध्येच उठू नका. इंदूरपासून जवळच देवास आहे. तेथे कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने जर्जर होऊन राहावयास आले. त्यांस गाण्याची मनाई होती, आणि ती काही वर्षे टिकली. त्या वर्षांत त्यांनी अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली. पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्यांचे गाणे पालटलेले होते, आणि जुन्या वळणाच्या अनेकांस ते रुचले नाही. आज त्याच गाण्यासाठी देवासचे नाव महाराष्ट्रभर आदराने घेतले जाते. सांगावयाचे इतकेच की न कळलेल्या संगीतावर पहिल्या दिवशी निकाल देऊ नये. तीनदा ऐकूनही मन लागले नाही, तर तसे स्पष्ट सांगा. मुलास खोट्या स्तुतीची गरज नाही, वडिलांच्या कानाची आहे.

आणि मुलास. तू करतोस ते हलके काम नाही, हे आम्ही वर सांगितलेच. परंतु कानांवरची ती यंत्रे अधूनमधून खाली ठेव. घरातील माणसांना जे कधीच ऐकू येत नाही, त्यावर त्यांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा कशी करतोस? अहमदाबादच्या फिती कपाटात पडून राहिल्या. तुझ्या रचना संगणकाच्या पोटात पडून राहू नयेत असे वाटत असेल, तर पहिले श्रोते घरातच शोध. पेटीवरची धूळ पूस. तुझ्या यंत्रात बाहेरचा आवाज घेऊन त्याचे रूप पालटण्याची सोय असेल, तर आजोबांच्या पेटीचा एक सूर त्यात घे, भात्याची धाप घे, रविवारच्या घंटेचा टोल घे, आणि त्यांतून तुझे आकाशयान चालते काय ते पाहा. माथुरांना तंबोऱ्याची आठवण होती. तुझ्यापाशी तर पेटी अजून घरात आहे. आणि रविवारी गायनवृंदात परत जा. शंभर कंठ एकत्र मिसळल्याने जे धुके उठते, त्यासाठीच तू त्या चित्रपटावर लुब्ध झालास ना? तुझ्या देवळातही तीसएक कंठ आहेत. ते कसे मिसळतात हे ऐकण्यास बंद खोलीत जागा नाही.

गीता साराभाईंच्या गुरूंनी संगीताची जी कसोटी सांगितली, ती पेटीस लागू आहे, तंबोऱ्यास लागू आहे आणि विजेच्या यंत्रासही लागू आहे. मन शांत झाले काय? त्यात वरून काही उतरावे एवढी जागा झाली काय? झाली असेल तर ते वाद्य कोठून आले, ते लाकडाचे की तारांचे, हा प्रश्न उरत नाही. झाली नसेल तर आजोबांच्या पेटीवर वाजविलेले भजनसुद्धा नुसता गलबलाच.

इंदूरच्या त्या घरी एका संध्याकाळी बापलेक शेजारी शेजारी बसले, दिवा मंद केला आणि ते आकाशयान खोलीतून एकदा गेले, असे पत्र आम्हांस यावे. त्याची वाट पाहत आहोत.